पिवळा हवाय, पण कोणता? लिंबाचा की तुपाचा?

घराला रंग काढायचं ठरलं की 'पिवळा' या शब्दावर घरातल्या सगळ्यांचं पटकन एकमत होतं. पिवळा शुभ असतो, खोली उजळ दिसते, पाहुण्यांनाही आवडतो. खरी गडबड सुरू होते ती दुकानातल्या शेडकार्डवर पिवळ्याचं पान उघडल्यावर. तिथे एकसारखे दिसणारे वीस-पंचवीस चौकोन असतात. त्यातले दोन तुम्ही निवडता, बाहेर उन्हात नेऊन बघता, पुन्हा आत आणता आणि शेवटी म्हणता, "जाऊ दे, दोन्ही सारखेच तर आहेत. कोणताही द्या."

इथेच थांबा. आमच्या घरी हेच वाक्य म्हटलं गेलं होतं आणि त्यामुळे एकच खोली वर्षभरात दोनदा रंगवावी लागली. दुसऱ्या वेळचा खर्च तर झालाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते आजीसाठी. ती गोष्ट पुढे सांगते. आधी हे दोन पिवळे नीट ओळखून घेऊ या.

दोन पिवळे, दोन स्वभाव

फिकट पिवळ्या रंगांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्याला आपण 'लिंबू' म्हणू. पिकत आलेल्या लिंबाच्या सालीसारखा हा पिवळा असतो आणि त्यात हिरव्याची किंचित झाक असते. तो ताजा, हलका आणि थंड वाटतो. दुसऱ्याला 'तूप' म्हणू. गाईच्या रवाळ तुपाचा जो रंग असतो तो हा. यात केशरी किंवा मातकट झाक असते आणि तो उबदार, शांत वाटतो.

कार्डवरच्या इंचभर चौकोनात हा फरक दिसत नाही. तो दिसावा यासाठी एक सोपी युक्ती आहे. दोन्ही चौकोन एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. मग त्याच कागदावर एका बाजूला लिंबू आणि दुसऱ्या बाजूला चिमूटभर हळद ठेवा. कोणता चौकोन कोणाकडे झुकतो ते लगेच कळेल. आणखी एक उपाय म्हणजे कार्डच्या त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद रंग बघायचा. फिकट रंगात लपलेली झाक गडद रंगात उघड होते. पट्टीच्या टोकाला पोपटीकडे जाणारा पिवळा असेल तर वरचा फिकट रंगही त्याच घरचा समजा. टोकाला मोहरी किंवा झेंडू दिसला तर तो 'तूप' गटातला.

बऱ्याच कंपन्यांच्या कार्डवर किंवा वेबसाइटवर प्रत्येक रंगापुढे 'एलआरव्ही' नावाचा आकडा असतो. भिंत किती प्रकाश परत फेकते ते हा आकडा सांगतो. ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. खोली अंधारी असेल तर दोनपैकी मोठ्या आकड्याचा रंग जास्त उजेड देईल. पण आकडा फक्त उजळपणा सांगतो, झाक सांगत नाही. दोन पिवळ्यांचा आकडा अगदी सारखा असला, तरी एक लिंबू आणि दुसरा तूप असू शकतो.

रंगाच्या डब्यात नेमकं काय पडतं?

हल्ली दुकानात पांढरा बेस असलेला डबा मशीनखाली ठेवतात आणि त्यात मोजून रंगद्रव्यं सोडतात. फिकट पिवळ्यासाठी मुख्यतः दोन प्रकारची पिवळी रंगद्रव्यं वापरली जातात. एक असतं लोहाचं, म्हणजे पिवळा आयर्न ऑक्साइड. तो थोडा मातकट आणि उबदार असतो, भिंत चांगली झाकतो आणि उन्हात टिकतो. दुसरी असतात चकचकीत सेंद्रिय पिवळी रंगद्रव्यं. त्यांचा रंग स्वच्छ आणि झळाळता असतो, पण त्यांची झाकण्याची ताकद कमी असते. म्हणूनच झळाळता पिवळा निवडला की रंगारी दोन कोटांनंतर म्हणतो, "अजून एक हात मारावा लागेल." तो तुम्हाला फसवत नसतो. जुन्या निळ्या किंवा गडद भिंतीवर असा पिवळा द्यायचा असेल, तर आधी पांढऱ्या प्रायमरचा हात द्या आणि तिसऱ्या कोटाचा खर्च आधीच धरून ठेवा.

यातला पिवळा आयर्न ऑक्साइड आपल्या आजी-पणजीला चांगला ठाऊक होता, फक्त नाव वेगळं होतं. पूर्वी चुन्यात 'पिवडी' कालवून भिंती रंगवायचे. पिवडी म्हणजे पिवळी माती आणि त्या मातीला पिवळेपणा येतो तो याच लोहाच्या संयुगामुळे.

आजीची खोली

आता आमची गोष्ट. आमचं घर इंदूरला. तीन पिढ्यांपासून आम्ही तिथेच आहोत. आजीला जिने चढणं जमेना, म्हणून तिच्यासाठी खालची उत्तरेकडची खोली तयार करायची ठरली. खिडकीबाहेर कडुनिंब, जमिनीला हिरवट कोटा फरशी आणि छताजवळ पांढरीशुभ्र ट्यूब. आईला लिंबू रंग हवा होता, कारण खोली अंधारी होती. बाबांना तूप हवा होता. मी नोकरीसाठी बंगळुरूला असते. दोघांनी दोन चौकोनांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि विचारलं, "तूच सांग."

मी फोनवर बघितलं आणि ऑफिसमधल्या गडबडीत उत्तर दिलं, "दोन्ही सारखेच दिसतात. आई म्हणते तो घ्या."

आजीलाही विचारलं होतं. तिने दोन्ही चौकोन डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाली, "मला काय, दोन्ही पांढरेच. तुम्हाला आवडेल तो द्या." आम्हाला वाटलं, ती नेहमीसारखी भिडेखातर बोलतेय. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि महिन्याभराने पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पण त्याचा आणि भिंतीच्या रंगाचा काही संबंध असेल, असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

खोली रंगवून झाली. ऑपरेशन छान झालं. आजी घरी आली, पलंगावर बसली आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग तिने एक डोळा हाताने झाकून बघितलं, नंतर दुसरा. मला व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, या डोळ्याने बघितलं की भिंत पांढरट दिसते आणि नव्या डोळ्याने हिरवी. शेवाळ धरल्यासारखी. खरी कोणती?"

खरी नव्या डोळ्याची होती.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळसर होत जातं आणि मोतीबिंदूत ते आणखी गढूळ होतं. असं भिंग निळा प्रकाश अडवतं. त्यामुळे फिकट पिवळा आणि पांढरा यातला फरक वयस्कर माणसांना नीट कळत नाही. ऑपरेशनमध्ये जुनं भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की इतकी वर्षं अडलेला निळा प्रकाश पुन्हा आत येतो. पांढरे कपडे एकदम पांढरे दिसतात, आकाश निळं दिसतं. आणि भिंतीवरची हिरवट झाकही दिसते.

आजी भिडेखातर बोललीच नव्हती. तिला जे दिसत होतं तेच तिने सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं नाही.

तुमच्या घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर त्यांच्या खोलीचा रंग ऑपरेशननंतर निवडा. महिना-दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

लिंबू हिरवा का झाला?

दोष एकट्या रंगाचा नव्हता. त्या खोलीतली प्रत्येक गोष्ट लिंबाला हिरव्याकडे ढकलत होती. तुमच्या खोलीत असं होऊ नये म्हणून या चार गोष्टी तपासा.

खिडकीची दिशा. आपल्या देशात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. पिवळ्यावर निळसर उजेड पडला की हिरवी झाक वर येते. अशा खोलीत तूप सांभाळून घेतो. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत उलट होतं. तिथलं दुपारनंतरचं ऊन स्वतःच सोनेरी असतं. तिथे तूप आमरसासारखा गडद वाटू शकतो आणि लिंबू छान, मोकळा दिसतो. पूर्वेच्या खोलीत सकाळी एक आणि दुपारी दुसरं चित्र असतं. म्हणून ती खोली तुम्ही कोणत्या वेळी जास्त वापरता ते बघून ठरवा.

खिडकीबाहेरचं जग. झाड, शेजारची विटांची भिंत, बाल्कनीला लावलेली हिरवी जाळी, या सगळ्यांवरून उजेड उसळून आत येतो आणि येताना त्यांचा रंग घेऊन येतो.

दिवे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ४००० च्या आसपास मधला आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० ची ट्यूब असते. तिच्याखाली लिंबू फिका आणि आजारी दिसू शकतो. उलट ३००० च्या दिव्याखाली दोन्ही पिवळ्यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. कधी कधी बल्ब बदलला तरी काम भागतं, रंग बदलावा लागत नाही. खोक्यावर 'सीआरआय' हा आकडाही बघा. तो १०० च्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात.

फरशी आणि सामान. हिरवट कोट्याशेजारी लिंबू आणखी हिरवा वाटतो. लाकडी किंवा बदामी टाइल्सबरोबर तूप एकरूप होतो. पडद्यांचाही असर पडतो. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल कापडं आणि गालिचे विणणाऱ्या एका सरकारी कारखान्यात रंगाईचं काम बघत होते. एकाच सुताचा रंग शेजारच्या सुतामुळे वेगळा भासतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १८३९ साली त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. घरात हा नियम रोज दिसतो. जांभळ्या किंवा निळ्या पडद्यांशेजारी पिवळा जास्त पिवळा वाटतो आणि झेंडूच्या रंगाच्या चादरीशेजारी तोच फिका पडतो.

फोनवर विश्वास ठेवू नका

माझी चूक इथे झाली. फोनचा कॅमेरा फोटो काढताना उजेडाचा अंदाज घेऊन पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग आपोआप सावरतो. फ्रेम पिवळ्याने भरली असेल तर तो पिवळा कमी करून टाकू शकतो. त्यावर प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी, त्यात रात्रीचा 'आय कम्फर्ट' मोड चालू असला तर सगळंच पिवळं. फोटो बघून सोफ्याचा आकार ठरवा, कपाट ठरवा, पण दोन जवळच्या पिवळ्यांतून एक निवडू नका. घरचे लांब असतील तर त्यांना दोन्ही रंगांचं कार्ड कुरिअरने पाठवायला सांगा.

मग निवडायचं कसं?

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. तेव्हा जे केलं ते तुम्ही पहिल्याच वेळी करा.

१. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणा. जुन्या भिंतीवर थेट पट्टे ओढू नका, कारण जुना रंग शेजारी असल्याने नजर फसते. दोन मोठे पांढरे पुठ्ठे घ्या, कडेने बोटभर पांढरी चौकट सोडा आणि दोन-दोन कोट द्या.

२. पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक पडतो. निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या.

३. पुठ्ठे उभे धरून खोलीच्या प्रत्येक भिंतीला लावून बघा. खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीची भिंत यांवर एकच रंग दोन वेगळे रंग वाटतील.

४. सकाळी, भरदुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून, असं चार वेळा बघा. सुट्टीच्या एका दिवसात हे होतं.

५. आवडलेल्या रंगापेक्षा एक पायरी फिकट रंगाचाही विचार करा. चारही भिंती पिवळ्या झाल्या की त्या एकमेकींवर उजेड फेकतात आणि रंग कार्डवर होता त्याहून गडद वाटतो. 'जरा जास्तच पिवळं झालं' ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच येते.

६. त्या खोलीत जो राहणार आहे त्याला विचारा आणि त्याचं उत्तर शेवटचं माना.

डबे घेताना हिशोबही करून ठेवा. समजा खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट आहे. चार भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट झालं. दार-खिडकीचे ४० वजा केले तर उरले ४००. डब्यावर दोन कोटांसाठी लिटरमागे १२० चौरस फूट लिहिलं असेल तर साधारण साडेतीन लिटर लागेल, म्हणजे ४ लिटर घ्या. सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्या. नंतर आणलेल्या डब्यात बारीकसा फरक राहू शकतो आणि पिवळ्या भिंतीवर ठिगळ लपत नाही. झाकणावरचा शेडचा कोड आणि मिश्रणाची चिठ्ठी यांचा फोटो काढून ठेवा. फोन या कामासाठी उत्तम आहे!

दोन्ही आवडले तर?

दोन्ही पिवळ्यांवर जीव जडला असेल तर एकाला सोडायलाच हवं असं नाही. चित्रकार क्लोद मोने १८८३ पासून १९२६ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावात राहिला. त्याच्या घरातली जेवणाची खोली आजही लोक बघायला जातात. ती खोली पिवळ्याच्याच दोन छटांत रंगवलेली आहे. तुम्हीही भिंतींना फिकट आणि दारं-कपाटांना त्याच घरचा थोडा गडद पिवळा देऊ शकता. फक्त दोन्ही एकाच गटातले असू द्या. लिंबू आणि तूप एकाच खोलीत शेजारी आले की लिंबू हिरवट दिसतो आणि तूप मळकट.

घरात लहान मुलं असतील तर

पिवळ्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक आई-बाबांना माहीत असायला हवी. पूर्वी झळाळता पिवळा रंग बनवायला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग वापरलं जायचं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाबाबतचे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली. त्यामुळे नवा डबा घेताना त्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का ते वाचा. आणि घर जुनं असेल, दारं-खिडक्यांवर पूर्वीचा पिवळा तेलरंग असेल, तर तो कोरडा घासू नका. पत्रा ओला करून घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा आणि काम संपून ओल्या फडक्याने फरशी पुसून होईपर्यंत मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा.

घरात वयस्कर माणसं असतील तर आणखी एक काळजी घ्या. फिकट पिवळ्या भिंतीवर पांढरं स्विचबोर्ड त्यांना पटकन सापडत नाही. बोर्डाभोवती गडद रंगाची चौकट किंवा पट्टी लावा. दाराची चौकट आणि उंबरठाही भिंतीपेक्षा ठळक गडद ठेवा. रात्री उठल्यावर भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं, हे दिसणं खोलीच्या शोभेइतकंच महत्त्वाचं आहे.

शेवटी कोणता जिंकला?

आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. त्यानंतर मी चार दिवसांची सुट्टी काढून इंदूरला गेले. बाबांनी दोन पुठ्ठे रंगवून ठेवले होते. आजीने ते दिवसभर खोलीत इकडेतिकडे हलवायला लावले. दुपारी चहा पिता पिता तिने तुपाच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा. देवासला माझ्या माहेरी दिवाळीआधी भिंतींना पिवडी द्यायचे, ती अशीच दिसायची." आम्ही ट्यूब काढून ३००० चा दिवा लावला आणि स्विचबोर्डाला तपकिरी चौकट केली.

याचा अर्थ तूप चांगला आणि लिंबू वाईट असा नाही. आईने तोच लिंबू रंग नंतर पश्चिमेच्या स्वयंपाकघराला दिला आणि तिथे तो इतका प्रसन्न दिसतो की बाबाही काही बोलत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात दोन पिवळे समोर आले आणि कोणी म्हणालं, "दोन्ही सारखेच तर आहेत," तर घाई करू नका. दोन पुठ्ठे रंगवा, एक दिवस थांबा आणि ज्या माणसाचा दिवस त्या भिंतींकडे बघत जाणार आहे, त्याच्या शेजारी बसून बघा.